सातवं ठिकाण

१

ऑफिसात तिला सगळे नकाशेबाई म्हणत. तिने उभ्या आयुष्यात एकही नकाशा हाताने काढला नव्हता. तो मान तिच्या सासऱ्यांचा. भूमापन खात्यात पस्तीस वर्षं घालवून ते निवृत्त झाले होते आणि सुनेच्या नोकरीला ‘काचेवर ठिपके डकवणं’ म्हणत होते. ती नगरपालिकेची वेबसाइट सांभाळायची. नवऱ्याची बदली दुसऱ्या गावी झालेली, त्यामुळे घरात ती आणि सासरे, ऑफिसात ती आणि सहा विभाग. दोन्हीकडे ऐकून घ्यायचं काम तिचंच.

या सहा विभागांनी तिचा जीव नकोसा केला होता. पाणी, सफाई, वीज, अग्निशमन, बांधकाम, पाहणी, प्रत्येकाचं वेबसाइटवर स्वतंत्र पान आणि प्रत्येक पानावर स्वतंत्र नकाशा. शहरातली रिकामी घरं सगळ्यांनाच माहीत असावी लागत. तिथे पाणी सोडायचं नाही, कचऱ्याची गाडी थांबवायची नाही, आग लागली तर आत कोणाला शोधत बसायचं नाही. पण एका पानावरची चूक सुधारली की उरलेल्या पाचांवर ती तशीच. आणि फोन यायचा तो तिलाच.

शेवटी तिने तीन आठवडे खपून एक लेअर तयार केला. पारदर्शक कागदावर ठिपके काढावेत आणि तो कागद हव्या त्या नकाशावर अंथरावा, तसा. एकदा करायचा, सहा पानांवर लावायचा. एका जागी बदल केला की सगळीकडे बदल. पाहणीवाल्याच्या वहीतून तिने एक्केचाळीस घरं एकेक करून भरली, लेअरला ‘रिकामी घरं’ नाव दिलं आणि सेव्हचं बटण दाबलं.

खाली बारीक अक्षरांत ओळ उमटली : हा लेअर ७ ठिकाणी वापरात आहे.

तिने सहाही पानं उघडून बघितली. बोटांवर मोजली. सहाच होती.

२

“सातवं ठिकाण कोणतं, तेवढं सांगा,” तिने सपोर्टवाल्याला फोन लावून विचारलं.

“मॅडम, तुम्हाला यादीत दिसत असेल ना.”

“यादीत सहाच दिसतात.”

“मग सहाच असतील.”

“पण खाली सात लिहिलंय.”

“मग सात असतील, मॅडम.”

तिने फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. साहेबांना सांगायला गेली, तर ते म्हणाले, “नकाशा दिसतोय ना? मग झालं. उगाच खुसपटं काढू नका.”

नऊ दिवसांनी पहिला फोन आला. बाई निवृत्त शिक्षिका होत्या, हे त्यांनी सांगण्याआधीच आवाजावरून कळलं.

“मी तीन दिवस पाण्याविना आहे. कचऱ्याची गाडी माझ्या दारावरून पुढे जाते. मी फाटकात उभी राहून हाका मारते, तर गाडीवाला मोबाइल दाखवतो. म्हणे, घर रिकामं आहे. मी काय हवेत राहते का?”

तिने पत्ता लिहून घेतला, लेअर उघडला. एक्केचाळीसच्या जागी बेचाळीस ठिपके. बेचाळिसावा बरोबर मास्तरीणबाईंच्या घरावर बसलेला. ‘नोंद करणारा’ या रकान्यात काहीच नव्हतं, नाव नाही की तारीख नाही.

“बाई, चूक आमची आहे. आत्ता काढते,” ती म्हणाली आणि ठिपका निवडून डिलीट दाबलं.

हा ठिपका वापरात असल्यामुळे काढता येत नाही.

“काढलात का?” फोनमधून आवाज आला.

“उद्यापर्यंत होईल,” ती म्हणाली. हे वाक्य तिने नोकरीत हजारदा ऐकलं होतं. स्वतःच्या तोंडून ऐकताना तिला स्वतःचाच राग आला.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पाहणीवाल्याला घेऊन मास्तरीणबाईंकडे गेली. पाहणीवाला म्हणजे पन्नाशीतला बडबड्या गृहस्थ. वर्षभर स्कूटरवर हिंडून त्याने रिकामी घरं टिपली होती, आणि आपल्या वहीत कोणी ढवळाढवळ केली याचा त्याला मनापासून संताप आला होता.

“माझ्या अक्षरात हे घर दाखवा, मी मिशी उतरवतो,” तो वाटभर म्हणत होता.

घर बैठं होतं. पुढे बसायची खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर, बाजूला आतली खोली. सगळं जागच्या जागी. पुस्तकांना खाकी कव्हरं, घड्याळाखाली बिलं अडकवायचा तारेचा आकडा. मास्तरीणबाईंनी दोघांना खुर्च्या दिल्या आणि स्वतः उभ्याच राहिल्या.

“पाणी विचारलं असतं, पण ते तुमच्या कृपेने नाही. आणि दुसरी गोष्ट. तुमची माणसं घर बघायला येतात, त्यांना जरा रीतभात शिकवा. पुढच्या दाराने यायचं, तोंड दाखवायचं, मग आत जायचं.”

“आमची माणसं?” तिने पाहणीवाल्याकडे पाहिलं. त्याने नकारार्थी मान हलवली.

“रोज दीडच्या सुमाराला येतात. आतल्या खोलीत बोलतात, फिरतात. मी उठून जाईपर्यंत गायब. मला वाटलं, घर रिकामं ठरवायच्या आधी पाहणी करत असतील.”

तिने घड्याळ पाहिलं. दीडला चार मिनिटं होती. बाई एकट्या राहतात, वय झालंय, शेजारच्या घरातले आवाज भिंतीतून येत असतील. जुन्या घरांत पाइपातूनसुद्धा बोलणं ऐकू येतं. ती हे सगळं गोड शब्दांत कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होती, तेवढ्यात आतल्या खोलीत पावलं वाजली. चोरट्यासारखी नाही. नवीन जागेत माणूस निवांत फिरतो, चार पावलं चालतो, थांबतो, वळतो, तशी.

मग एक आवाज आला. साधा, समाधानी.

“उजेड चांगला येतो.”

पाहणीवाला ताडकन उठला आणि आत गेला. तिने दारातून पाहिलं : एक पलंग, एक कपाट, गज लावलेली एकच खिडकी. त्या खोलीला दुसरं दार नव्हतं. खोलीच्या मधोमध पाहणीवाला एकटा उभा होता आणि पावलं आता स्वयंपाकघरातून ऐकू येत होती.

“बघा,” मास्तरीणबाई वैतागून म्हणाल्या, “आता तिकडे गेले.”

परत येताना पाहणीवाला चौकात सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, “बाई, तो ठिपका काढा.”

४

काढायचा म्हणजे कसा? तिने दुसऱ्या दिवशी सकाळपासून हाच उद्योग केला. वापरात असलेला ठिपका निघत नसेल तर लेअरचा वापरच बंद करू, असा विचार करून तिने सहाही पानांवरून लेअर उतरवला. सहा नकाशे कोरे झाले. मग तिने खालची ओळ वाचली.

हा लेअर १ ठिकाणी वापरात आहे.

ती त्या एकाकडे बघत बसली. पाच मिनिटांत साहेब स्वतः तिच्या टेबलाशी आले.

“अग्निशमनवाल्यांचा नकाशा कोरा आहे. पाणीवाले बोंबलतायत. काय चाललंय काय तुमचं?”

“साहेब, हा लेअर आपल्याशिवाय आणखी कोणीतरी वापरतंय.”

“वापरू द्या ना! सरकारी माहिती आहे. आधी नकाशे चालू करा.”

तिने लेअर पुन्हा सहा पानांवर लावला. सात. मग नवीन लेअर बनवून एक्केचाळीस घरं त्यात घातली. तो अजून कुठेही लावला नव्हता, तरी खाली ओळ आली की तो एका ठिकाणी वापरात आहे. सपोर्टवाला म्हणाला की त्याच्याकडे असं कधीच झालेलं नाही. जणू त्यामुळे इथेही झालेलं नव्हतं.

या सगळ्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी लेअर उघडला तर ठिपके एक्केचाळीस. मास्तरीणबाईंच्या घरावरचा आपोआप गेला होता. तिला इतकं हायसं वाटलं की तिने लगेच त्यांना फोन लावला.

फोन उचलला गेला. मागे भांड्यांचा आवाज, नळाचं पाणी पडत होतं.

“बाई, पाणी आलं वाटतं!” ती म्हणाली.

“कोण हवंय?” पलीकडून कोणीतरी नम्रपणे विचारलं. पुरुष की बाई, तिला ठरवता येईना.

“या घरात शिक्षिका राहतात, त्या—”

“नाही हो,” आवाज म्हणाला. “इथे कोणी राहत नव्हतं.”

फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ तिच्या डोक्यात ते एकच ‘नव्हतं’ घुमत राहिलं.

पाहणीवाला जाऊन आला. शेजारी म्हणाले, बाई भाचीकडे गेल्या असतील. जाताना कोणी पाहिलं नव्हतं. ती पोलीस चौकीत गेली. तिथल्या हवालदाराने भाचीचा नंबर मागितला, तिच्याकडे तो नव्हता. सज्ञान बाई आहे, येईल परत, असं म्हणून त्याने तक्रारीचा कागद बाजूला सरकवला.

“तुम्ही आत डोकावलात का?” तिने पाहणीवाल्याला विचारलं.

“पडदे बदललेत,” तो म्हणाला. त्याने वही तिच्या टेबलावर ठेवली. “मी रजेवर चाललोय.”

“एक्केचाळीस घरं ओस पडलीत गावात. मग भरलेलं घर का?”

“बंद घराला वास येतो, बाई. तुम्ही घेतली असती का तसली जागा?”

५

पुढचे दहा दिवस ती रोज सकाळी ऑफिसात आल्या आल्या ठिपके मोजायची. एक्केचाळीस. चहा प्यायची, पुन्हा मोजायची. अकराव्या दिवशी, दुपारी बाराला, बेचाळीस झाले.

नवीन ठिपका तिला शोधावा लागला नाही. नकाशा उघडला की तिची नजर सवयीने जिथे आधी जायची, तिथेच तो होता. तिची इमारत. तिसरा मजला.

तिने पर्स उचलली आणि कोणाला न सांगता रिक्षा पकडली. वाटेत सासऱ्यांना चार फोन केले, एकही लागला नाही. जिने ती न थांबता चढली. दार उघडलं तर सासरे आरामखुर्चीत पेपर घेऊन बसलेले.

“सूनबाई, तू इतक्या लवकर? बरं झालं आलीस. तुझ्या ऑफिसातल्या लोकांना जरा सांग.”

“कोणत्या लोकांना, बाबा?”

“ते काय, आत मोजतायत. मी चहा विचारला तर उत्तर नाही. आणि मापं चुकीची घेतायत! फीत ढिली धरतात आणि आकडे ठोकून देतात. मी इथून ओरडून सांगितलं, ताणून धरा म्हणून. तेव्हा कुठे सुधारले.”

आतल्या खोलीत कोणीतरी आकडा म्हटला. “अकरा, दोन.” लगेच लांबून, फार लांबून, दुसऱ्याने तो म्हणून दाखवला. “अकरा, दोन.”

ती खोली दहा फुटांची होती. तिने स्वतः तिथे पलंग बसवला होता, तिला पक्कं माहीत होतं. तिने दार ढकललं.

खोलीत कोणी नव्हतं. खिडकीतून दुपारचं ऊन आत आलेलं. फरशीवर मोजणीची पिवळी पोलादी फीत पडली होती, उंबऱ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत, ताठ. तिचं टोक भिंतीच्या बुडाशी जिथे फरशी संपते तिथे आत गेलेलं. त्या भिंतीच्या पलीकडे काहीच नव्हतं. तिसरा मजला, बाहेरची बाजू, खाली रस्ता.

ती बघत असतानाच फीत हलली. पलीकडून कोणीतरी ती हळूहळू ओढून घेत होतं. आकडे तिच्या पायाजवळून सरकत गेले, भिंतीत शिरले, आणि शेवटचं टोक खट्कन आपटून दिसेनासं झालं.

“झालं का त्यांचं?” सासऱ्यांनी बाहेरून विचारलं.

६

“बाबा, चार दिवस कपडे घ्या, आपण ह्यांच्याकडे जाऊ,” ती म्हणाली.

“का? घर मोजायला आले म्हणून घर सोडून पळायचं? मी शेकडो घरं मोजली, एकही माणूस पळाला नाही.” ते पेपरात डोकं घालून मोकळे झाले. त्यांना उचलून नेणं शक्य नव्हतं आणि समजावणं त्याहून नव्हतं. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, “कामाचा ताण घेतेयस तू.”

तिने स्वयंपाकघरात ओट्यावरच लॅपटॉप उघडला. नळ कोरडा होता. डिलीट होत नव्हतं, ते तिने चारदा करून पाहिलं. संतापाने तिने ठिपका धरून जोरात बाजूला ओढला, आणि तो सरकला.

काढता येत नव्हता, पण हलवता येत होता.

तिने तो गावाबाहेरच्या तळ्यात नेऊन सोडला. तो उडी मारून काठावरच्या पंपघरावर चिकटला आणि लाल अक्षरं आली : इथे राहण्याजोगी खोली नाही. मग आपोआप परत तिच्या घरावर. तिने तो एका पडक्या, रिकाम्या घरावर नेला. इथे आधीच नोंद आहे. दुसऱ्या रिकाम्या घरावर, तिसऱ्या. तेच. परत घरावर. दीड वाजत आला होता. आतल्या खोलीत कोणीतरी कपाटाचं दार उघडून बंद करून पाहत होतं. बिजागरी कुरकुरली.

माणसं राहतात अशाच जागा उरल्या होत्या. ठिपका धरलेलं तिचं बोट नकाशावर फिरत राहिलं. एक अनोळखी गल्ली, एक अनोळखी छप्पर, कोण जाणे कोणाचं. तिथे नुसतं बोट उचललं की झालं. कोणाला कधी कळलं नसतं. साहेबांच्या बंगल्यावर ते अंमळ जास्तच रेंगाळलं, हे तिने पुढे स्वतःशी कबूल केलं. पण तिला फाटकात उभ्या राहून हाका मारणाऱ्या मास्तरीणबाई दिसत होत्या. उद्यापर्यंत होईल, असं तिने त्यांना सांगितलं होतं.

राहायला कोणी नसेल, पण खोल्या असतील अशी एकच जागा तिला सुचली. तिने ठिपका नगरपालिकेच्या ऑफिसावर नेला आणि बोट उचललं.

तो तिथेच राहिला.

ओट्यावरच्या नळाने खाकरल्यासारखा आवाज केला आणि धो धो पाणी आलं. आतली खोली गप्प झाली. सासऱ्यांनी पेपर खाली केला.

“गेले वाटतं. माप अर्धवट टाकून गेले बघ.”

७

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या नळांना पाणी नव्हतं. दाराशी कचऱ्याचे डबे भरून वाहत होते आणि वीज विभागाने आपल्याच इमारतीची लाइन तोडली होती. साहेबांनी तिला सगळ्यांसमोर झापलं.

“ऑफिस रिकामं दाखवतंय तुमचा नकाशा! हा ठिपका कोणी ठेवला?”

“मी ठेवला.”

“काढा मग,” साहेब म्हणाले.

“निघत नाही, साहेब. मी पहिल्या दिवसापासून सांगतेय. आज दीडच्या आत सगळ्यांना बाहेर काढा. एक दिवस माझं ऐका.”

“तुम्हाला बरं नसेल तर घरी जा,” साहेब म्हणाले. आसपासचे लोक हसले, काहींनी मान खाली घातली.

ती जागेवर बसून राहिली. लोक डबे घेऊन बसले, फायलींनी वारा घेत विजेला शिव्या घालत राहिले. एक पंचविसाला वरच्या मजल्यावर पावलं वाजली. वर दफ्तरखाना होता, आणि त्याची किल्ली शिपायाच्या खिशात होती. कोणीतरी म्हणालं, “उंदीर.” दुसऱ्याने घास हातात धरून छताकडे पाहिलं. पावलं अनेक होती. काही हलकी होती, लहान मुलांसारखी, इकडून तिकडे पळत होती.

ती उठली. भिंतीवरच्या लाल डब्याची काच कोपराने फोडून तिने आगीची, बॅटरीवरची घंटा ओढली.

मग मात्र कोणी वाद घातला नाही. खुर्च्या पडल्या, जिन्यावर रेटारेटी झाली आणि पाच मिनिटांत सगळं ऑफिस अंगणात, भर उन्हात उभं होतं. साहेब सगळ्यांत शेवटी आले, हातात चष्मा. ते थेट तिच्याकडे निघाले होते, निलंबनाचं काहीतरी म्हणत, पण शिपायाने त्यांच्या बाहीला धरलं. एरवी त्याची हिंमत झाली नसती.

“साहेब, वर बघा.”

दुसऱ्या मजल्यावरची एक खिडकी उघडली होती. काचेआड नीट काही दिसत नव्हतं. एक हात बाहेर आला, त्यात फडकं होतं. त्याने खिडकीची चौकट वरून खाली शांतपणे पुसली, मग बाहेरची काच. फडकं झटकलं. वर्षानुवर्षांची धूळ उन्हात तरंगत खाली आली आणि लोक मागे सरले. तो हात जितका लांबून आला होता, तितका लांब हात तिने कधी पाहिला नव्हता.

“कोण राहिलंय वर?” साहेब ओरडले. “हजेरी घे रे!”

शिपायाने नावं पुकारली. एकेक जण ‘हो’ म्हणत गेला. सगळे होते. शेवटचं नाव पुकारून झाल्यावर त्याने हजेरीबुक मिटलं आणि छातीशी घट्ट धरून ठेवलं.

साहेबांनी घसा साफ केला. “चला,” ते म्हणाले, “आत जाऊन बघू या.” पण ते स्वतः हलले नाहीत, आणि त्यांच्या मागे कोणीच हललं नाही.

खालच्या मजल्यावर, जिथे दहा मिनिटांपूर्वी सगळे जेवत होते, तिथे कोणीतरी एक जड टेबल सरकवत होतं. फरशीवर घासत ते भिंतीपर्यंत गेलं. थोडा वेळ शांतता. मग, तिथे काही पटलं नसावं, म्हणून ते पुन्हा घासत खिडकीकडे आलं.